नायट्रो आरसी गाडीत इंजिन बदलताना क्लचचे भाग कसे जुळवावेत

आरसी म्हणजे रेडिओने दुरून चालवायच्या छोट्या गाडीतल्या नायट्रो इंजिनाच्या, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनाच्या, खोक्यावर १२, १५, १८, २१ किंवा २८ असा जो आकडा छापलेला असतो, तो इंजिनाचे आकारमान घन इंचाच्या शंभराव्या भागात सांगतो. म्हणजे २१ चे इंजिन ०.२१ घन इंचाचे, सुमारे ३.५ सीसीचे, आणि २८ चे इंजिन सुमारे ४.६ सीसीचे असते. इंजिन बदलू पाहणारा माणूस साहजिकच या आकड्यावरून आणि ताकदीवरून निवड करतो. पण गाडीतला जुना क्लच नव्या इंजिनावर बसेल की नाही, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. एकाच आकारमानाच्या दोन इंजिनांच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, टोके पूर्णपणे वेगळी असू शकतात, आणि १५ व १८ ची दोन इंजिने एकच क्लच निमूटपणे स्वीकारतात, असेही घडते. त्यामुळे क्लचच्या सुसंगतीचा विचार सीसीपासून सुरू करू नये. तो क्रँकशाफ्टच्या टोकापासून सुरू करावा आणि तेथून एकेक भाग जुळवत स्पर गिअरच्या, म्हणजे क्लचकडून ताकद घेणाऱ्या गाडीतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, दात्यांपर्यंत जावे. या मार्गदर्शिकेत तोच क्रम ठेवला आहे.

क्लच हा सुटा असा एक भाग नसून ती एक साखळी आहे: क्रँकशाफ्टवर पितळी कोलेट म्हणजे चीर असलेली निमुळती बाही, त्यावर फ्लायव्हील हे जड चाक, फ्लायव्हीलला धरून ठेवणारा नट, फ्लायव्हीलच्या खुंट्यांवर बसणारे आणि फेरे वाढले की बाहेर फेकले जाऊन बेलला धरणारे शू, त्यांना तोवर आवरणाऱ्या स्प्रिंगा, या सगळ्यांवर टोपीसारखी बसणारी, बाहेर दाते असलेली क्लच बेल, बेलच्या पोटातली दोन बेअरिंगे, शिम म्हणजे पातळ चकत्या, आणि अखेरीस बेलला बाहेर निसटू न देणारा छोटा स्क्रू. यातला प्रत्येक भाग आधीच्या भागावर टेकतो, म्हणून मधला एखादा भाग अर्ध्या मिलिमीटरने कमीजास्त झाला, तर त्याचा परिणाम शेवटच्या स्क्रूपाशी दिसतो.

जुने इंजिन उतरवण्यापूर्वीची मोजमापे

काम चांगले चालत असलेल्या जुन्या जोडणीची मोजमापे ही नव्या जोडणीसाठी सर्वांत विश्वासार्ह आधार असतात, आणि ती एकदा भाग सुटे झाले की हातातून जातात. व्हर्नियर कॅलिपरने, शक्यतो ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणाऱ्या, पुढील गोष्टी टिपून घ्याव्यात: इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगच्या तोंडापासून बेलच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचे अंतर, इंजिनाच्या पायांतल्या छिद्रांमधले अंतर, लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी, पायांच्या तळापासून क्रँकशाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, आणि फ्लायव्हीलचा बाह्यव्यास. बेल काढताना किती शिम कोणत्या बाजूला होते, हे लिहून ठेवावे. शिम ०.१ मिलिमीटरचे असले, तर ते बेअरिंगला तेलाने चिकटून राहतात आणि बेअरिंगबरोबर फेकले जातात, म्हणून बेअरिंगची दोन्ही तोंडे नखाने चाचपून पाहावीत.

यातले पहिले मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आहे. इंजिनाची गाडीतली पुढेमागे जागा पायांच्या छिद्रांनी ठरते आणि बहुतेक माउंटमध्ये इंजिन स्पर गिअरकडे किंवा त्यापासून दूर सरकवता येते, पण शाफ्टच्या दिशेने सरकवायला फारशी मोकळीक नसते. नव्या इंजिनावर बेलचे दाते दोन मिलिमीटर पुढे आले, तर स्परचे दाते अर्ध्याच रुंदीवर भार घेतील आणि इंधनाच्या काही टाक्या संपेपर्यंतच त्यांची धार उडेल.

क्रँकशाफ्टचे टोक

क्रँकशाफ्टची टोके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात शाफ्टचे पुढे आलेले सगळे टोक आट्यांचे असते. मुळात विमानाचा पंखा बसवण्यासाठी बनवलेल्या इंजिनांची ही रचना गाड्यांच्या इंजिनांतही आली आहे. अशा शाफ्टवर बेलची बेअरिंगे थेट बसू शकत नाहीत, कारण बेअरिंगला गुळगुळीत आणि अचूक व्यासाचा दांडा लागतो. म्हणून या शाफ्टसाठी फ्लायव्हीलचा नटच पुढे बारीक गुळगुळीत दांड्यासह बनवलेला असतो, आणि बेल त्या दांड्यावर फिरते. दुसऱ्या प्रकारात आट्यांचा भाग आखूड असतो आणि त्याच्यापुढे शाफ्टचाच एक गुळगुळीत दांडा येतो, ज्याच्या पोटात ३ मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे असतात. १/८ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एकअष्टमांश आकाराच्या, बग्गीतल्या २१ च्या इंजिनांवर हाच प्रकार रूढ असून तेथे दांड्याचा व्यास ५ मिलिमीटर असतो. छोट्या इंजिनांच्या बाबतीत या प्रकाराला बाजारात बहुधा एसजी शाफ्ट म्हणतात; ट्रॅक्सस कंपनी आपल्या २.५ आणि ३.३ सीसीच्या इंजिनांवरील दांडायुक्त शाफ्टला आयपीएस म्हणते. ही नावे सगळे उत्पादक एकाच काटेकोर अर्थाने वापरत नाहीत, म्हणून नावावर विसंबून खरेदी करू नये.

पहिल्या प्रकारच्या शाफ्टचा क्लच दुसऱ्या प्रकारच्या शाफ्टवर जसाच्या तसा जात नाही. दांडा असलेला नट दांडा असलेल्या शाफ्टवर बसवता येत नाही, आणि साधा नट पूर्ण आट्यांच्या शाफ्टवर बसवला, तर बेअरिंगे आट्यांवर डगमगत फिरतात. आट्यांवर बेअरिंग चालवून पाहण्याचा मोह काहींना होतो, कारण हातात घेतल्यावर ते बऱ्यापैकी घट्ट बसल्यासारखे वाटते. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांना मात्र ते आटे बेअरिंगच्या आतल्या कड्याला कानशीसारखे खातात. अशा अदलाबदलीत नट, फ्लायव्हील आणि पुष्कळदा बेलसुद्धा नव्या शाफ्टच्या प्रकारानुसार घ्यावी लागते, आणि माझ्या मते अशा वेळी एकेक भाग शोधत बसण्यापेक्षा त्या शाफ्टसाठी बनलेला एका उत्पादकाचा संपूर्ण क्लच संच घेणे शहाणपणाचे ठरते. ‘सगळ्या इंजिनांना चालणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाकडे थोडे संशयाने पाहावे. तो बहुधा सर्वांत रूढ शाफ्टपुरताच सगळ्यांना चालणारा असतो.

शाफ्टचा प्रकार कळल्यावर आट्यांचे माप पाहावे. नायट्रो इंजिनांवर सर्वाधिक आढळणारे माप १/४-२८ आहे, म्हणजे बाह्यव्यास पाव इंच, ६.३५ मिलिमीटर, आणि एका इंचात २८ आटे. दोन आट्यांमधले अंतर त्यामुळे सुमारे ०.९१ मिलिमीटर येते. याच्या अगदी शेजारचे मेट्रिक माप एम६ असून त्याचा व्यास ६ मिलिमीटर आणि आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते. एम६ चा नट १/४-२८ च्या शाफ्टवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलट बाजूची चूक अधिक घातक आहे: १/४-२८ चा नट एम६ च्या शाफ्टवर ढिला का होईना, काही आटे चढतो, जोर लावल्यावर पकडल्यासारखा वाटतो आणि मग आट्यांसकट सुटतो. आटे मोजण्याची पट्टी असल्यास ती लावावी. नसल्यास नट हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत सहज आणि न डुलता फिरतो की नाही, हीच परीक्षा धरावी.

पूर्ण आट्यांचा लांब शाफ्ट कापून हव्या त्या लांबीचा करता येतो, आणि अनेक जण तो कापतातही. क्रँकशाफ्ट कठीण पोलादाचा असल्याने हॅकसॉ त्यावर घसरते. कापण्यासाठी घासणारी चकती लागते. कापण्याआधी शाफ्टवर एक नट चढवून ठेवावा, म्हणजे कापून झाल्यावर तो बाहेर काढताना टोकाशी बिघडलेले आटे सरळ होतात. इंजिनाची पुढची बेअरिंग, कार्ब्युरेटरचे तोंड आणि एक्झॉस्ट कापडाने व चिकटपट्टीने पूर्ण बंद करावे, कारण पोलादाचा भुकटा बेअरिंगमध्ये गेला तर ते इंजिन फार दिवस टिकत नाही. थोडे कापून गार होऊ द्यावे, पुन्हा थोडे कापावे. शाफ्ट निळा पडेपर्यंत तापवू नये.

कोलेट आणि फ्लायव्हील

फ्लायव्हील शाफ्टवर चावीने अडकलेले नसते, ते केवळ शंकूच्या पकडीवर उभे असते. पितळी कोलेटला उभी चीर असते, त्याची बाहेरची बाजू निमुळती असते, आणि नट आवळला की फ्लायव्हीलचे शंकूच्या आकाराचे छिद्र कोलेटला दाबून शाफ्टवर घट्ट मिटवते. यात तीन मापे एकाच वेळी जुळावी लागतात: कोलेटचा अंतर्व्यास शाफ्टशी, त्याच्या निमुळतेपणाचा कोन फ्लायव्हीलच्या छिद्राशी, आणि त्याची उंची नटाशी. २१ च्या इंजिनांवर कोलेट बसतो तो शाफ्टचा भाग बहुधा ७ मिलिमीटर व्यासाचा असतो, छोट्या इंजिनांवर तो कमी असू शकतो, म्हणून जुन्या इंजिनाचा कोलेट नव्यावर सरळ उचलून लावू नये.

कोन जुळतो की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. कोलेटच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मार्कर पेनाची शाई पातळ फासावी, फ्लायव्हील हाताने दाबून थोडे फिरवावे आणि काढून पाहावे. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली असेल, तर कोन जुळला. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसली गेली असेल, तर ते फ्लायव्हील त्या कोलेटवर डुलणार आणि कितीही आवळले तरी थ्रॉटल दिल्यावर घसरणार. फ्लायव्हील वारंवार घसरते, अशी तक्रार करणारे पुष्कळ जण नट अधिकाधिक आवळत जातात, आणि बहुतेक वेळा दोष नटात नसून कोनात किंवा कोलेटवर राहिलेल्या तेलात असतो. शाफ्ट, कोलेट आणि फ्लायव्हीलचे छिद्र जोडणीपूर्वी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावेत.

कोलेटच्या उंचीवर फ्लायव्हील इंजिनापासून किती पुढे बसेल, ते ठरते. फार मागे बसले, तर ते क्रँककेसला घासते. फार पुढे बसले, तर बेलचे दाते स्परच्या पुढे जातात आणि दांड्याची लांबी अपुरी पडते. कोलेटची मागची बाजू पुढच्या बेअरिंगच्या आतल्या कड्यालाच टेकली पाहिजे. ती बाहेरच्या कड्याला किंवा केसला लागली, तर नट आवळताच शाफ्ट जड फिरू लागतो. फ्लायव्हील एकदोन दशांश मिलिमीटरने मागे बसत असेल, तर कोलेटमागे योग्य व्यासाचा शिम घालून भागते. त्याहून मोठा फरक असेल, तर दुसऱ्या उंचीचा कोलेट शोधावा. शिमांची चळत रचू नये.

नट आवळताना फ्लायव्हील त्याच्यासाठीच्या साधनाने किंवा खुंट्यांवर बसणाऱ्या पान्याने धरावे. एक्झॉस्टमधून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते, पण तिच्यात पिस्टनची कड किंवा स्लीव्हचे पोर्ट चरले जातात, आणि नव्या इंजिनाचे नुकसान त्याच्या पहिल्या सुरुवातीआधीच होते.

फ्लायव्हीलचा व्यास दोन ठिकाणी आड येतो. चेसिसला खाली जी खाच असते, तिच्यातून फ्लायव्हील मोकळे फिरले पाहिजे. आणि गाडी स्टार्टर बॉक्सवर सुरू करायची असेल, तर बॉक्सच्या रबरी चाकापर्यंत ते पोहोचलेही पाहिजे. दोरीने सुरू होणाऱ्या इंजिनाच्या जागी बिनदोरीचे इंजिन घालणाऱ्याने ही दुसरी गोष्ट आधी तपासावी, कारण दोरीच्या इंजिनासाठी बनलेल्या चेसिसला ती खाच नसूही शकते.

शू, स्प्रिंग आणि त्यांना धरणारा नट

दोन, तीन आणि चार शूंचे क्लच प्रचलित आहेत. छोट्या गाड्यांत पुष्कळदा दोन शू आणि त्यांना बाहेरून वेढणारी एकच गोल स्प्रिंग असते. १/८ बग्गीत तीन किंवा चार शू असून प्रत्येकाला स्वतंत्र पीळदार स्प्रिंग असते, जिचे एक टोक शूवर आणि दुसरे फ्लायव्हीलच्या नटाच्या खाचेत टेकते. म्हणूनच येथे नट हा निव्वळ नट राहत नाही. वेगळ्या उंचीचा नट लावला आणि त्याची खाच स्प्रिंगच्या टोकासमोर आली नाही, तर स्प्रिंग निसटून बेलच्या आत फिरते आणि शू कायमचे बाहेर ढकलले जातात. शू, स्प्रिंग, फ्लायव्हील आणि नट हे चार भाग एकाच संचातले असावेत, हा नियम कसोशीने पाळावा. बेल मात्र बाहेरची चालते.

शू कोणत्या तोंडाने बसवायचे, हेही जोडणीतच ठरते. फ्लायव्हीलच्या बाजूने पाहिले असता ही इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. शूची खुंटी पुढे आणि मोकळे टोक मागे ओढले जात असेल, तर बेलचे घर्षण त्या टोकाला किंचित आत लोटते आणि पकड मऊ येते. मोकळे टोक खुंटीच्या पुढे असेल, तर तेच घर्षण शूला आणखी बाहेर रेटते आणि क्लच झटक्याने धरतो. उत्पादकाच्या चित्रात दाखवलेली दिशाच आधी वापरावी, आणि सर्व शू एकाच दिशेने बसले आहेत, याची खात्री करावी.

बेल आणि तिचे दाते

बेलची निवड दोन बाजूंनी बांधलेली असते. आतून तिचा व्यास आणि खोली शूंशी जुळली पाहिजे: शू पूर्णपणे बेलच्या आत यावेत, बेलची कड फ्लायव्हीलला लागू नये, आणि शूंच्या तोंडावर बेलचा तळ घासू नये. बाहेरून तिचे दाते गाडीच्या स्पर गिअरशी जुळले पाहिजेत, आणि येथे इंजिनाचा काही संबंध नाही, फक्त गाडीचा आहे.

दात्यांचे माप ओळखायची साधी रीत अशी: गिअरचा बाह्यव्यास मिलिमीटरमध्ये मोजावा आणि त्याला दात्यांच्या संख्येत २ मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे, येतो तो मॉड्यूल. १/८ गाड्यांवर मॉड्यूल १ चालतो, त्यामुळे चौदा दात्यांच्या बेलचा बाह्यव्यास १६ मिलिमीटरच्या आसपास येतो. छोट्या गाड्यांत खरी गल्लत होते ती मॉड्यूल ०.८ आणि ३२ पिच या दात्यांच्या इंची मापात. ३२ पिच म्हणजे मॉड्यूल ०.७९४. चौदा दात्यांच्या बेलवर हा फरक फक्त एक दशांश मिलिमीटर दिसतो आणि थोड्याशा झिजेत तो सहज लपतो, म्हणून मोजमाप बेलवर न करता स्परवर करावे. ५४ दात्यांचा स्पर ३२ पिचमध्ये सुमारे ४४.४५ आणि मॉड्यूल ०.८ मध्ये ४४.८ मिलिमीटर भरतो, आणि एवढा फरक कॅलिपर नक्की दाखवतो. ही दोन मापे एकमेकांवर फिरतात, पण कर्कश आवाज करतात आणि प्लॅस्टिकचा स्पर लवकर खातात.

मोठे इंजिन घालताना बेलचे दाते वाढवता येतात. ४६ दात्यांच्या स्परवर तेरा दात्यांची बेल ३.५४ चे प्रमाण देते, पंधरा दात्यांची ३.०७ चे. २८ च्या इंजिनाची खालच्या फेऱ्यांतली ओढ हे लांब गिअर पेलते, लहान आणि वेगाने फिरणारे इंजिन मात्र त्यावर सुरुवातीला गुदमरते आणि क्लच तापवते. दोन वेगांच्या गाडीत बेलवर दोन गिअर असतात आणि त्यांची जोडी दोन स्परांच्या जोडीशी बांधलेली असते, म्हणून तेथे एकटा गिअर बदलू नये.

शिम लावणे

सर्व भाग जुळले तरी शिम चुकले की क्लच बिघडतो. आधी हिशोब कागदावर करावा. बेलमध्ये दोन्ही बेअरिंगे पूर्ण बसवून त्यांच्या आतल्या कड्यांच्या बाहेरच्या तोंडांमधले अंतर मोजावे. मग नटाच्या टेकणीपासून दांड्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. समजा, दांडा १४.० मिलिमीटर आणि बेअरिंगांसह बेल १३.२ मिलिमीटर भरली, तर उरलेली जागा ०.८ मिलिमीटर आहे. बेलला पुढेमागे हलायला सुमारे ०.२ मिलिमीटर ठेवावे आणि ०.६ मिलिमीटरचे शिम घालावेत. ते कोणत्या बाजूला घालायचे, हे शू आणि दाते सांगतात: बेलचा तळ शूंना घासत असेल, तर आतल्या बाजूला अधिक, दाते स्परच्या पुढे जात असतील, तर बाहेरच्या बाजूला अधिक.

आता उलट स्थिती पाहावी. दांडा बेअरिंगांच्या उंचीपेक्षा आखूड निघाला, तर शेवटचा स्क्रू आवळताच त्याची चकती बेअरिंगच्या आतल्या कड्यांना दोन्हीकडून चिमटते, थोडी वाकली तर बाहेरच्या कड्यालाही लागते, आणि बेल शाफ्टबरोबरच फिरू लागते. अशी गाडी इंजिन सुरू होताच निघते. स्क्रू ढिला सोडून हे निभावून नेऊ नये. बेल किंवा नट बदलणे हाच त्यावर उपाय आहे. १/८ गाड्यांत रूढ असलेल्या ५×१०×४ मिलिमीटरच्या बेअरिंगसाठी ५ मिलिमीटर अंतर्व्यासाचे आणि ७ मिलिमीटर बाह्यव्यासाचे शिम वापरतात, जेणेकरून ते फक्त आतल्या कड्यालाच टेकतात. मोठ्या चकतीने काम भागवले, तर ती बाहेरच्या कड्याला घासून बेअरिंग जाळते.

स्क्रूची लांबीही तपासावी. तो दांड्याच्या पोटातल्या आट्यांच्या तळाला आधी टेकला, तर चकती मोकळी राहते आणि स्क्रू आवळल्यासारखा वाटूनही धावताना सुटतो. आटे पक्के करणारा चिकट द्रव अगदी एक थेंब, तोही स्क्रूच्या मधल्या आट्यांवर लावावा; तो ओघळून बेअरिंगमध्ये गेला, तर बेअरिंग गेले.

जोडणी झाल्यावर ग्लो प्लग, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा इंधन पेटवणारा प्लग, काढून फ्लायव्हील हाताने फिरवावे. इंजिन सहज फिरले पाहिजे, फ्लायव्हील थांबवून ठेवले असता बेल टिचकीसरशी मोकळी फिरली पाहिजे, आणि ती पुढेमागे किंचित हलली पाहिजे. मगच इंजिन गाडीत बसवावे. दात्यांमधली फट कागदाच्या पातळ पट्टीने ठरवावी: पट्टी दोन गिअरांमध्ये घालून इंजिन दाबावे, आवळावे आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी; ती चुण्या पडलेली, पण न फाटलेली यावी. स्परचा एक पूर्ण फेरा फिरवून, तो कोठे किंचित लंबगोल असेल तेथेही ही फट तपासावी. नव्या इंजिनाच्या शाफ्टची उंची वेगळी असेल, तर माउंटखाली पत्र्याचे समान तुकडे घालून ती जुळवावी. एकाच पायाखाली तुकडा घातला, तर बेल स्परशी तिरकी लागते.

बसले, पण शोभते का?

येथवर भाग एकमेकांत बसण्याचा विचार झाला. नव्या इंजिनाच्या स्वभावाशी स्प्रिंग जुळते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो अनेक जण सोडून देतात. शूला बाहेर फेकणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लच मिनिटाला १५,००० ऐवजी १८,००० फेऱ्यांना धरावा असे वाटत असेल, तर फेरे १.२ पट होतात, पण स्प्रिंगला मात्र १.४४ पट बल रोखावे लागते. म्हणूनच १/८ च्या स्प्रिंगा ०.९, १.० आणि १.१ मिलिमीटर जाडीच्या तारेत मिळतात, आणि एका दशांशाचा हा दिसायला किरकोळ फरक गाडीचा स्वभाव बदलतो.

वरच्या फेऱ्यांत जोर असणाऱ्या इंजिनाला मऊ स्प्रिंग लावली, तर क्लच इंजिन जोरात येण्याआधीच धरतो, आणि गाडी सुटताना खोल श्वास घेऊन मग पळाल्यासारखी वाटते. २८ च्या इंजिनाला कडक स्प्रिंग लावली, तर खालची ओढ वाया जाते आणि शू घासत राहतात. शूचे वजनही या हिशोबात येते. ॲल्युमिनियमचा शू तेवढ्याच आकाराच्या कार्बनमिश्रित प्लॅस्टिकच्या शूपेक्षा बराच जड असतो, त्यामुळे त्याच स्प्रिंगवर तो लवकर धरतो. हलका शू उशिरा धरतो, मऊ पकड देतो आणि लवकर झिजतो. मोठ्या इंजिनासाठी ॲल्युमिनियमचे शू आणि मधल्या जाडीच्या स्प्रिंगा घेऊन सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यापासून दोन्ही बाजूंना सरकणे सोपे जाते.

रस्त्यावरच्या शर्यतीच्या गाड्यांत सेंटॅक्स पद्धतीचा क्लच असतो, ज्यात वजने शूला बाहेर न ढकलता शाफ्टच्या दिशेने बेलकडे दाबतात आणि स्प्रिंगचा दाब एका नटाने कमीजास्त करता येतो. तेथे स्प्रिंग बदलावी लागत नाही, मात्र शिमांची अचूकता आणखी कडक लागते, कारण शू आणि बेल यांतली फट शिमांवरच ठरते. इतर क्लचचे भाग त्यात मिसळण्याचा विचार करू नये.

पहिली सुरुवात

गाडी ठोकळ्यावर ठेवून, चारही चाके जमिनीपासून वर असताना इंजिन सुरू करावे, आणि चेहरा व बोटे फ्लायव्हीलच्या फिरण्याच्या पातळीत आणू नयेत. मंद फेऱ्यांवर चाके हळूहळू फिरत असतील आणि ब्रेक लावताच थांबत असतील, तर प्रथम इंजिनाचे मंद फेरे कमी करून पाहावे. त्याने फरक पडला नाही, तर शिम किंवा निसटलेली स्प्रिंग शोधावी. चाके फिरतच नसतील आणि थ्रॉटल दिल्यावर एकदम झटक्याने निघत असतील, तर शूंची दिशा पुन्हा पाहावी.

नवे इंजिन मुरवण्याच्या पहिल्या टाक्यांत मिश्रण समृद्ध असते, म्हणजे त्यात इंधन जास्त असते, आणि फेरे चढत नाहीत, त्यामुळे त्या काळात क्लच जास्त घसरतो. स्प्रिंगांबद्दलचा निर्णय इंजिन मुरेपर्यंत घेऊ नये. पहिली टाकी संपल्यावर गाडी पूर्ण गार होऊ द्यावी, बेल काढावी आणि फ्लायव्हीलचा नट पुन्हा आवळावा, कारण पितळी कोलेट पहिल्या तापण्या-गार होण्यात शाफ्टवर थोडा आणखी दबतो. त्याच वेळी बेलची आतली बाजू पाहावी. सगळीकडे सारखी चमक असेल, तर शू पूर्ण रुंदीने लागत आहेत. एकाच कडेला चमक असेल, तर बेल तिरकी आहे किंवा एक बेअरिंग पूर्ण बसलेले नाही. बेल निळसर पडली असेल, तर क्लच घसरून तापतो आहे. आणि शू तेलाने ओले असतील, तर तेल इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगमधून येते आहे, ज्यावर कोणतीही स्प्रिंग बदलून उपयोग होणार नाही.